डांबराखालचा पत्रा

जुन्या गाडीच्या फ्लोअरला हत्यार लावण्याआधी तो ऐकून घ्यावा लागतो. सीटा सोडवायच्या, मॅट आणि त्याखालचा नमदा बाहेर काढायचा, आणि पटाशीच्या लाकडी मुठीने वीत-वीत अंतरावर ठोकत पुढून मागे जायचं. डांबरी शीट जिथे पत्र्याला धरून आहे तिथे ठोका आखूड, बसका येतो आणि जागेवरच संपतो. शीट सुटली असेल तिथे आवाज पोकळ होतो. ठोक्याबरोबर आत काहीतरी ओघळल्यासारखी बारीक खरखर ऐकू आली, की तिथला पत्रा पापुद्र्यांवर आलेला असतो. तिन्ही जागांना खडूने वेगवेगळ्या खुणा करून ठेवल्या की पुढच्या सगळ्या कामाचा नकाशा समोर तयार होतो. आवाज मारण्यासाठी लावलेल्या थराची पारख आवाजानेच होते, आणि ती नवख्या कानालाही थोड्या सरावाने जमते. आमच्या शेडमध्ये येणाऱ्या नव्या पोराला मी आधी ही ठोकणी शिकवतो. पटाशी त्यानंतर हातात देतो.

हा थर करतो काय, हे नीट समजलं तर तो काढायचा कसा हेही समजतं. गाडीच्या फ्लोअरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि रस्ता त्याला सतत हलवत असतात, आणि मोकळा पत्रा हलला की वाजतो. डांबर हा पदार्थ थोडा घट्ट आणि थोडा पातळ असा दोन्ही गुणांचा आहे. पत्र्याबरोबर तो वाकतो, पण वाकताना आतल्या आत घासला जातो आणि त्या हालचालीतली ऊर्जा उष्णतेत जिरवून टाकतो. उष्णता इतकी थोडी असते की हाताला जाणवत नाही, कानाला मात्र फरक लगेच कळतो. म्हणजे ही शीट बाहेरचा आवाज अडवत नाही, पत्र्याची थरथर खाते. म्हणूनच कारखान्यात ती सगळीकडे पसरत नाहीत. पत्रा सर्वांत जास्त हलतो तो मधोमध. वेल्डिंगच्या कडेला तो आधीच जखडलेला असतो. मधल्या भागावर तुकडा बसवला की बरंचसं काम होतं. वजनाचाही हिशेब असतोच. दोन मिलिमीटर जाडीची शीट चौरस मीटरमागे साधारण तीन-साडेतीन किलो भरते.

पण हे सगळं शीट पत्र्याला चिकटून असेपर्यंत. कडेने सुटलेली शीट थरथर खात नाही, आणि तिच्या-पत्र्याच्या मधल्या फटीत पाणी मात्र शिरतं.

माझ्याकडे सर्वांत जास्त काम आलं ते पद्मिनीचं. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनणारी ही गाडी मुळात इटलीत १९५३ साली आलेल्या फियाट ११००-१०३ च्या घराण्यातली. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. तिला जीपसारखी वेगळी चॅसी नाही. फ्लोअर, मधला बोगदा, दाराखालच्या बंद पेट्या, मागचे पाटे जिथे अडकतात ते बॉक्स, हे सगळं पत्र्याचंच आणि एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडलेलं. अँबॅसडरचं आणि मारुती ८०० चंही तसंच. अशा गाडीत फ्लोअर म्हणजे नुसती पाय ठेवायची जागा नव्हे, गाडीचं सगळं बळ त्यातून जातं. तो कुजला तर दारं बसेनाशी होतात, जॅक लावला की पेटी आत दबते, आणि पाट्याच्या हँगरजवळ कुजला तर गाडी रस्त्यावर आणणं धोक्याचं असतं. म्हणून डांबराखाली काय आहे हे पाहणं म्हणजे गाडी चालवायच्या लायकीची आहे की नाही हे पाहणं.

आता खालची बाजू. पावसाळ्याआधी गाडी उचलून खालून काळं कोटिंग मारून घ्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर मारलं तर ते कामाचं असतं यात शंका नाही. दगड-खडीचा मार ते झेलतं, पाणी लांब ठेवतं. पण डांबरातले हलके अंश वर्षानुवर्षांच्या उन्हा-वाऱ्याने उडून जातात, थर कडक होतो आणि त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जातं आणि जिथे थर सैल आहे तिथपर्यंत पसरतं. उघडा पत्रा एका दिवसात वाळतो, थराखालचं पाणी आठवडे न् आठवडे राहतं. इथे रसायनाची एक विचित्र गोष्ट घडते. भेगेच्या तोंडाशी हवा भरपूर असते आणि आत खोलवर ती पोहोचत नाही. प्राणवायूच्या या कमी-जास्तपणामुळे एकाच पत्र्याच्या दोन भागांत बॅटरीच्या दोन टोकांसारखं नातं तयार होतं, आणि झीज होते ती आतल्या, हवा न मिळणाऱ्या भागाची. म्हणजे दिसणारी कड बरी राहते आणि झाकलेली जागा खाल्ली जाते. पाण्यात मीठ असेल तर हे आणखी जोरात चालतं. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, त्यामुळे तो थराला आणखी उचलतो आणि नव्या पाण्याला वाट करून देतो.

कोल्हापूर या बाबतीत मोक्याच्या ठिकाणी आहे. उद्यमनगरात आमच्या शेडला आंबा घाट चढून रत्नागिरीच्या गाड्या येतात, गगनबावड्यावरून वैभववाडी-कणकवलीच्या येतात, आणि सोलापूर-सांगलीकडच्या कोरड्या मुलखातल्याही येतात. एकाच वर्षातल्या, एकाच कारखान्यातल्या दोन पद्मिनी शेजारी-शेजारी उभ्या केल्या तर थर काढताना कुठली गाडी कुठे राहिली हे कळतं. कोरड्या मुलखातल्या गाडीचं डांबर दगडासारखं कडक, पण खालचा प्रायमर शाबूत. किनाऱ्यावरच्या गाडीचं डांबर वरून गुळगुळीत, अलीकडेच कोणीतरी पुन्हा मारलेलं, आणि खाली पत्र्याच्या नावाने तांबडा भुगा.

मालवणकडून आलेले एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले होते, "मिस्त्री, खालचं कोटिंग तर अजून छान आहे. ते कशाला काढता? खर्च वाढेल."

मी म्हटलं, "गुरुजी, कोटिंग छानच आहे. मला त्याच्या आतला पत्रा बघायचाय."

त्यांना खाली खड्ड्यात उतरवून पुढच्या चाकामागची जागा दाखवली. अंगठ्याने दाबल्यावर तो काळा, चकचकीत भाग आत गेला आणि सोडल्यावर हळूहळू वर आला. पत्रा असा हलत नाही. तिथे नुसतं डांबर डांबराला धरून उभं होतं. गुरुजींनी स्वतः दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "काढा." त्यांनी दर पावसाळ्याआधी मनापासून खर्च करून ते कोटिंग मारून घेतलं होतं. गाडीवर माया होती म्हणूनच मारलं होतं. ओल्या, गंज धरलेल्या पत्र्यावर कोणी न धुता, न खरवडता काळा हात फिरवला, तर मालकाला ते कळायला काही मार्ग नसतो, आणि हे मला या धंद्यात सर्वांत जास्त लागतं. काळा रंग सगळं सारखं दाखवतो.

काढायची रीत हवामान ठरवतं. डांबराचा स्वभाव तापमानावर बदलतो: गार असताना ते ठिसूळ, मध्यम उन्हात चिवट, गरम झालं की लिबलिबीत. सर्वांत वाईट अवस्था मधली. एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीत पटाशी घातली तर डांबर तुटतही नाही आणि निघतही नाही, ताणलं जाऊन पुन्हा चिकटतं. म्हणून एकतर त्याला पुरतं गार करायचं किंवा नेमकं गरम. डिसेंबरातल्या पहाटे कोल्हापुरात चांगला गारठा असतो. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीची सुटलेली शीट सकाळी नुसत्या पटाशीने मोठमोठ्या तुकड्यांत निघते. घट्ट चिकटलेल्या भागाला एवढा गारवा पुरत नाही. तिथे सुका बर्फ लागतो.

सुका बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस. त्याचे खडे शीटवर पसरून जाड गोणपाटाने झाकायचे आणि वाट पाहायची. थोड्या वेळाने फ्लोअरमधून बारीक कटकट ऐकू येऊ लागते. गार होताना पोलाद मीटरमागे साधारण मिलिमीटरभरच आकसतं, डांबर मात्र त्याच्या कित्येक पटींनी आकसू पाहतं. त्या ओढाताणीत दोघांमधलं बंधन तुटतं. मग बर्फ पुढच्या चौकोनात सरकवायचा आणि या चौकोनावर हलक्या हातोडीने ठोकायचं. शीट गुळाच्या चिक्कीसारखी तुटते आणि खालचा मूळ रंग कोरा, कोरडा वर येतो. पाणी नाही, थिनर नाही, धूर नाही. तळव्याएवढा तुकडा उचलून उलटा धरला की कारखान्यातल्या प्रायमरची छाप त्यावर दिसते, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उजेड पाहणाऱ्या त्या पत्र्याकडे बघताना मला दर वेळी आनंद होतो. काळजी दोन गोष्टींची. उघड्या हाताने बर्फ धरायचा नाही, तो भाजल्यासारखी इजा करतो. आणि दारं, काचा, डिक्की सगळं उघडं ठेवायचं. बर्फाचा वायू होतो तो हवेपेक्षा जड; गाडीच्या तळात किंवा खालच्या खड्ड्यात साचला तर माणूस गुदमरतो. खड्ड्यावर उभ्या गाडीत मी सुका बर्फ वापरू देत नाही.

उभ्या भागांवर, म्हणजे इंजिनच्या आणि आपल्या मधल्या पडद्यावर किंवा दाराच्या आतल्या बाजूला, बर्फ टिकत नाही. तिथे हीट गन. तिच्या कामात घाई चालत नाही. डांबर मऊ होऊन पातळ पट्टीवर गुंडाळत येईल एवढंच तापवायचं, धूर दिसला की गन लांब न्यायची. धूर म्हणजे डांबर जळायला लागलं. तो फुफ्फुसाला वाईट आणि जळलेला काळा लेप काढणं दुप्पट कष्टाचं. पट्टीचे कोपरे घासून गोल करून घ्यायचे, नाहीतर ते प्रायमरमध्ये रेघा ओढतात आणि प्रत्येक रेघ उद्याच्या गंजाला जागा देते.

खालच्या बाजूला आधी ओळख पटवावी लागते, कारण वरून सगळी कोटिंगं काळीच असतात. चिंधीवर टर्पेंटाइन घेऊन घासायचं. चिंधी लगेच तपकिरी-काळी झाली तर डांबर. काहीच उतरलं नाही आणि थर रबरासारखा दबला तर तो पीव्हीसीचा, पुढच्या काळातल्या गाड्यांवर कारखान्यातून येणारा. बोटाला ओशट मेण लागलं तर मेणाचं कोटिंग. ही ओळख महत्त्वाची, कारण पीव्हीसी जास्त तापवलं तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती डोळ्यांना आणि श्वासाला जाळते आणि आसपासच्या उघड्या पत्र्यालाही खाते. डांबराचा उरलेला लेप रॉकेलने किंवा टर्पेंटाइनने विरघळतो. डांबर आणि रॉकेल दोन्ही पेट्रोलियमच्याच कुळातली. पेट्रोलने मात्र कधीही पुसू नये. त्याची वाफ शून्याखालच्या तापमानातही पेट घेऊ शकते, आणि जड असल्यामुळे ती खाली, खड्ड्यात जाऊन बसते.

ग्राइंडरवर वायरचा कप लावून सगळं एका दुपारी उडवून टाकायचा मोह सगळ्यांना होतो. डांबरावर तो कप चालत नाही: घर्षणाने डांबर वितळतं आणि पत्र्यावर सारखं पसरतं, गंजाच्या खड्ड्यांत भरून बसतं, आणि खड्डे भरले की पत्रा निरोगी दिसतो. वाळूचा माराही मऊ थरावर उसळून परत येतो, आणि थर संपला की तोच मारा पातळ पत्र्याला वाकवतो. शिवाय वाळू बंद पेट्यांत जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. खालून ब्रेकची नळी आणि पेट्रोलची नळी गेलेली असते, बहुतेक वेळा त्याच काळ्या थरात बुडालेली. वायरचा कप तिच्यावरून गेला तर नळी कापली गेली की नुसती पातळ झाली हे तेव्हा कळत नाही. म्हणून नळ्यांच्या वाटा आधी हाताने, चिंधी आणि रॉकेल घेऊन मोकळ्या करायच्या.

धुळीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. जुन्या काळच्या काही अंडर कोटिंगमध्ये आणि सांधे भरायच्या लुकणात मजबुतीसाठी अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घालत असत. डोळ्याने पाहून ते आहेत की नाहीत हे सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. हे तंतू फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत आणि आजार दिसायला कित्येक वर्षं जातात. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. म्हणून जुना थर कोरडा घासायचाच नाही. ओला करायचा, मोठ्या तुकड्यांत काढायचा, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, शेड झाडायची ती ओल्या फडक्याने, आणि तोंडाला फिल्टर असलेला घट्ट बसणारा मास्क. निघालेला माल शेडमागे पेटवायचा नाही, पिंपात बंद करून घातक कचऱ्यातच द्यायचा. आपल्या गॅरेजांत पंधरा-सोळा वर्षांची पोरं गाडीखाली उताणी पडून, डोळे मिचकावत, तोंडावर पडणारा भुगा झटकत हे काम करताना मी आयुष्यभर पाहत आलो आहे. लहान पोरांची ती जागाच नव्हे. आणि मोठ्या माणसाने करायचं तर त्याला चष्मा आणि मास्क देणं हे त्याच्या मजुरीइतकंच त्याच्या हक्काचं आहे. कुठलीही गाडी एका माणसाच्या छातीपेक्षा मोलाची नसते.

या कामात सर्वांत उशिरा येणारी समज म्हणजे कुठे थांबायचं ही. हौशी मालक येतात, परदेशातल्या गाड्यांचे चकाचक उघडे तळ त्यांनी पाहिलेले असतात, आणि त्यांना शेवटचा डागसुद्धा निघालेला हवा असतो. मी त्यांना खडूच्या खुणा दाखवतो. जिथे ठोका बसका आला, कडा घट्ट आहेत, पटाशी घातली तर डांबर प्रायमर सोडत नाही, तिथे खालचा पत्रा चांगला आहे याचा याहून भक्कम पुरावा कुठलाही उघडा पत्रा देत नाही. कारखान्यातल्या प्रायमरवर बसलेला तो थर हटवून आपण शेडमध्ये जो प्रायमर मारणार, तो कितीही चांगला असला तरी त्या बैठकीची बरोबरी क्वचितच करतो. म्हणून शंका असेल तिथे थर पूर्ण उघडायचा, सांधे आणि कडा सगळीकडे उघडायच्या, आणि जिथे थर खरोखर धरून आहे तिथे त्याला हात जोडून पुढे जायचं. आपण थर काढतो तो पत्रा दिसावा म्हणून. पत्रा दिसला, खात्री झाली, की हत्याराचं काम संपलं.

याला एक अपवाद, वेल्डिंगचा. जिथे पत्रा कापून नवा तुकडा बसवायचा, तिथे दोन्ही बाजूंचा थर, नमदा, लुकण, सगळं चांगलं हातभर मागे काढलंच पाहिजे. वर सीओटू वेल्डिंगची ठिणगी आणि खाली दुसऱ्या बाजूला डांबर असेल तर ते आधी धुमसतं आणि मग पेटतं. वरच्या माणसाला ज्वाळ दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वेल्डिंग चालू असताना पलीकडच्या बाजूला एक माणूस पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट घेऊन बसतो, त्याला त्या वेळी दुसरं काम सांगायचं नाही.

थर काढता काढता पाणी कुठून आलं तेही सापडतं, आणि ते शोधल्याशिवाय नवा पत्रा बसवणं म्हणजे मालकाचे पैसे वाया घालवणं. पुढच्या काचेचं कडक झालेलं रबर, काचेखालच्या हवेच्या जाळीत साचलेली पानं, दाराच्या तळाशी बुजलेली भोकं. सर्वांत जास्त वेळा सापडतं ते मात्र निराळंच. दाराखालच्या पेटीला आणि फ्लोअरला पाणी निघून जाण्यासाठी कारखान्यानेच भोकं ठेवलेली असतात, आणि कोटिंग मारणाऱ्याने ती काळ्या लेपाखाली बुजवून टाकलेली असतात. पाण्यापासून वाचवायला मारलेल्या थराने पाण्याची वाटच बंद केलेली असते. ती भोकं तारेने मोकळी केली की कधीकधी पेटीतून तांबडं पाणी धारेने येतं.

पुढचं बांधकाम मी त्या मानाने साधं ठेवतो. उरलेल्या पातळ गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं औषध, ते धुऊन पूर्ण वाळवणं, दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना पॉलियुरेथेनचं सीलर. आतून नवी ब्यूटाइलची शीट, वर अ‍ॅल्युमिनियमची पन्नी असलेली. पत्रा वाकतो, पन्नी ताणायला नकार देते आणि मधलं ब्यूटाइल दोघांत ओढलं जाऊन थरथर जिरवतं, त्यामुळे कमी जाडीत जास्त काम होतं. तीही फक्त मधल्या भागांवर. सांधे आणि फ्लोअरच्या भोकांची बुचं उघडी. बंद पेट्यांत मेणाचा फवारा. चाकांच्या वर, जिथे खडीचा मार बसतो, तिथे मजबूत कोटिंग. बाकीच्या तळाला मात्र काळा जाड लेप मी मारत नाही. तिथे फिकट करडा रंग देतो आणि त्यावर पारदर्शक मेण. फिकट रंगावर गंजाचा पहिला तांबडा ठिपका लांबून दिसतो, आणि ठिपका असतानाच तो एका संध्याकाळी निपटता येतो. मेण दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावं लागतं, हे मी आधीच सांगतो. काहींना तो त्रास वाटतो. पण पुन्हा लावायचं म्हणजे गाडीखाली पुन्हा जायचं, आणि गाडी वाचते ती त्या जाण्याने.

माझ्यानंतर या गाडीखाली दुसरा कोणी मिस्त्री येईल. त्याला माझं काम खरवडून काढायची वेळ येऊ नये, बॅटरी मारली की सगळं दिसावं, असं मला वाटतं. मालकांना माझं सांगणं एवढंच असतं: कोटिंग मारायच्या आधीचे तळाचे फोटो मागून घ्या, जो ते देत नसेल त्याच्याकडून कोटिंग मारून घेऊ नका. आणि दर वर्षी पाऊस संपला, दिवाळीची साफसफाई निघाली, की घरासारखंच गाडीतलं मॅट उचला, बुचं काढा, आत हात फिरवा. हाताला कोरडं लागलं तर बुचं पुन्हा बसवा आणि खुशाल गावाला जा. ओलं लागलं तर त्याच आठवड्यात गाडी घेऊन या.